पाण्यावरची उभी शिफ्ट

आमच्या पट्ट्यात बसायला खुर्ची मिळाली की त्याला प्रमोशन म्हणतात. बाकी निगडीपासून चाकणपर्यंत जो तो उभा. पहाटे कंपनीच्या बसची वाट बघत चौकात उभा, गेटवर पंचिंगच्या रांगेत उभा, लाईनवर आठ तास उभा, कँटीनमध्ये ताट घेऊन उभा. सुटल्यावर बसमध्ये एकदाची सीट मिळते, तर बसच चाकणच्या तळेगाव चौकात उभी. घरी पोचावं तर टँकरच्या बिलावरून सोसायटीची मीटिंग चाललेली, पार्किंगमध्ये, तीही उभ्यानेच. वार्षिक मेडिकल चेकअपला डॉक्टर आमच्या लोकांच्या आधी पोटऱ्या बघतात, मग चेहरा.

त्यामुळे यंदा फॅमिली डेऐवजी वॉटर स्पोर्ट्सचा दिवस होणार आणि त्यात स्टँड-अप पॅडलबोर्डची शर्यत असणार, अशी नोटीस एचआरने लावली तेव्हा शॉपमध्ये कुणाच्याही पोटात गोळा आला नाही. नोटिशीवर चित्र होतं. निळंशार पाणी, त्यावर एक लांबडी फळी, फळीवर एक उघडा, तगडा, गोरा माणूस, आणि त्याच्या हातात त्याच्याहून उंच वल्हं. पेंट शॉपवाल्याने चित्र जवळून निरखलं, लांबून निरखलं आणि निकाल दिला, "उभं राहायचं आणि हात चालवायचे. मग रोज काय करतोय आपण?"

तर्क बिनतोड होता. संध्याकाळपर्यंत यादीत जागा उरली नाही.

या खेळाचं मूळ हवाईत आहे. वायकिकीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना सर्फिंग शिकवणारी मंडळी गेल्या शतकाच्या मध्याला फळीवर उभी राहून वल्हं मारायची. उभं राहिलं की लांबून येणारी लाट दिसते, बुडत चाललेलं गिऱ्हाईक दिसतं आणि जमलं तर त्याचा फोटोही काढता येतो. २००० नंतर लेअर्ड हॅमिल्टन या हवाईतल्याच सर्फरने ही तऱ्हा पुन्हा उचलून धरली, आणि बघता बघता ती तळी, कालवे, नद्या असं जिथे पाणी दिसेल तिथे पसरली. पाणी आलं, माणसं आली, म्हणजे शर्यत आलीच. शर्यतीच्या फळ्या मुख्यतः साडेबारा फूट किंवा चौदा फूट लांब, आणि रुंदी जेमतेम दोन फुटांच्या आसपास. नेदरलँड्समध्ये फ्रिसलँड नावाचा प्रांत आहे. तिथे दर सप्टेंबरात लोक कालव्यांतून अकरा शहरांना वळसा घालतात, पाच दिवसांत २२० किलोमीटर, उभ्याने. आमच्या नाशिक फाट्यापासून नाशिकही साधारण तेवढंच. फरक इतकाच, की त्यांच्या वाटेत चाकण नाही.

पट्टीचे स्पर्धक लांब पल्ल्यालाही तासाला दहा किलोमीटरच्या आगेमागे वेग राखतात. हे मी कँटीनमध्ये सांगितलं तेव्हा कुरुळी फाट्यावरून रोज येणाऱ्या मंडळींनी आधी विश्वास ठेवला नाही, मग फळीची किंमत विचारली.

आता सराव. तीन नद्यांच्या गावाला सरावाची चिंता खरं तर पडू नये. पवना शहराच्या पोटातून जाते, मुळा दक्षिणेच्या शिवेवरून, इंद्रायणी उत्तरेच्या. पण उन्हाळ्याच्या तोंडाला या पाण्यावर जलपर्णी अशी अंथरली जाते की तिथे वल्ह्यापेक्षा विळा बरा. जलपर्णी काढण्याचं टेंडर निघतं, जलपर्णी निघते, दोन्ही पुढच्या वर्षी ताज्या दमाने परत येतात. इंद्रायणीचं तर आळंदीला फेसाचं पात्र होतं. वर्तमानपत्रात फोटो छापून येतो, तो बघून बाहेरगावचा पाहुणा विचारतो, "इकडे बर्फ पडतो का हो?" उरला पावसाळा. तेव्हा पवनेच्या अंगात येतं आणि ती चिंचवडला थेट मोरया गोसावींच्या समाधी मंदिरात शिरते. अशा वेळी फळी सोडलीच, तर ती दापोडीला मुळेत आणि तिथून पुण्याच्या संगमावर, विनातिकीट. थेरगावला केजुदेवी बंधाऱ्यापाशी महापालिकेचा बोट क्लब आहे, भोसरीच्या तळ्यावर सहल केंद्र आहे. पण तिथे माणूस होडीत बसतो. बसणं आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

शेवटी ठरलं की शर्यत मावळातल्या एका धरणाच्या बॅकवॉटरला होईल आणि सराव जमेल तसा जमिनीवर. हे घरी सांगितलं. आमच्याकडे, म्हणजे सगळ्या शहराकडे, २०१९ च्या नोव्हेंबरपासून नळाला दिवसाआड पाणी येतं. सौभाग्यवतींनी हंड्यावरचं झाकण नीट बसवलं आणि विचारलं, "अहो, म्हणजे जे पाणी इथे दिवसाआड येतं, ते तुम्ही तिकडे जाऊन पायाखाली तुडवणार?" मी म्हटलं, तुडवत नाहीत, वर उभे राहतात. त्या म्हणाल्या, "उभे राहिलात तर."

मावळातल्या पाण्याची थट्टा मात्र जरा जपून करावी. पवना धरणातून शहरापर्यंत बंद जलवाहिनी आणण्याच्या योजनेला मावळचा विरोध होता. त्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ ला द्रुतगती मार्गावर बऊरपाशी पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि तीन माणसं गेली. शहरातल्या नळाला पाणी नुसतं उतारावरून येत नाही.

पाण्यावरच्या शर्यतींचा खरा कारखाना आमच्याच हद्दीत आहे, हे मला आमच्या मेंटेनन्सच्या काकांनी सांगितलं. काका दापोडीचे. जुने कामगार, युनियनमध्ये मुरलेले, आणि दापोडीत जे जे होतं ते आपल्याच परवानगीने होतं अशी त्यांची समजूत. तिथल्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगच्या भिंतीआड लष्कराचं रोइंगचं केंद्र आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, जिथे पाणी बघायला विहिरीत वाकावं लागतं अशा गावचा, तो लष्करात गेला, तिथे वल्हं हातात आलं आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नौकेत तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्याला सुवर्ण मिळालं. पुढे टोकियोत अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग ही जोडी अकरावी आली. तीही याच पाण्यावर घडलेली.

"मग त्यांनाच विचारू ना काहीतरी," मी म्हटलं.

काकांनी मान हलवली. "त्यांचा उपयोग नाही. ते बसतात. आणि वर पाठमोरे बसतात. जायचं एकीकडे, तोंड दुसरीकडे."

मागच्या तिमाहीकडे डोळे लावून पुढच्या तिमाहीत शिरायचं हे तंत्र आमच्याकडे मॅनेजमेंट सोडून कुणाला येत नाही, त्यामुळे तो विषय तिथे मिटला. आमच्या एका पुणेकर सहकाऱ्याने मध्येच सांगून घेतलं, की पुण्यात कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगचा बोट क्लब १९२८ पासून आहे आणि तिथली रेगाटा बघायला आख्खं पुणं लोटतं. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

मग एके दिवशी नमुन्याची फळी आली. ती सुटकेसमधून आली. कँटीनसमोरच्या लॉनवर सुटकेस उघडली तर आत गुंडाळलेलं जाडजूड रबरी कापड, तीन तुकड्यांचं वल्हं आणि हातपंप. साधारण पंधरा पीएसआय हवा भरली की हे कापड ताठ होतं आणि त्यावर माणूस उभा राहू शकतो. मोटारीच्या टायरला याच्या दुप्पट दाब लागतो, म्हणून सगळ्यांना ते किरकोळ वाटलं. पण टायर केवढा आणि फळी केवढी! पंप मारता मारता एचआरचे साहेब आधी गुलाबी झाले, मग लाल, मग जमिनीवर बसले. या पट्ट्यात बसलेला अधिकारी दिसणं नवीन नाही, पण लॉनवर बसलेला पहिलाच.

काका म्हणाले, "साहेब, हातपंप कशाला? लाईनला सहा बारची हवा आहे. एक होज ओढतो, पाच सेकंदांत काम."

सहा बार म्हणजे ८७ पीएसआय. फळी घेऊन आलेल्या पोराने गणित केलं आणि फळीला मिठी मारली.

मग सेफ्टी ऑफिसर आले. ठरावीक उंचीच्या वर काम असेल तर त्यांच्याकडून 'वर्क ॲट हाइट'चं परमिट लागतं. फळीची जाडी सहा इंच. सगळ्यांनी समजावलं की सहा इंचाला परमिट कसलं. साहेबांनी शांतपणे विचारलं, "उंची पाण्यापासून मोजायची की तळापासून?" धरणाच्या तळापासून मोजली तर आम्ही अनेक मजल्यांवर उभे राहणार होतो. परमिटचा फॉर्म तयार झाला. लाईफ जॅकेटला त्यांची हरकत नव्हती, पण पायात सेफ्टी शूज नसतील तर सही नाही, असं ते म्हणाले. पुढे पोलाद बसवलेले बूट घालून पाण्यात पडलेला माणूस कोणत्या दिशेला जाईल, हे त्यांना वेल्डिंगवाल्याने हाताने करून दाखवलं. तेव्हा अनवाणी पायांना एक दिवसाची सूट मिळाली.

घोट्याला बांधायची दोरी बघून मात्र ट्रेनी मुलं खुसखुसली. पडलात तरी फळी तुमच्यापासून सुटत नाही, आणि दोरी तुमच्याच भल्यासाठी आहे, असं तो पोरगा समजावत होता. एक ट्रेनी हळूच म्हणाला, "ही वाक्यं आमच्या बाँडमध्ये आहेत."

क्वालिटीवाल्याचा आक्षेप वेगळा. वल्ह्याचं पातं दांड्याच्या रेषेत नसतं, दहाएक अंशांनी पुढे झुकलेलं असतं. नवखा माणूस ते हमखास उलटं धरतो, डावाने वरण ओढायच्या बेतात. क्वालिटीवाल्याने वल्हं उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "याला पोका-योके नाही?" जपानी कारखान्यांनी जगाला दिलेला हा मंत्र आमच्याकडे पाळण्यात कानात सांगतात. वस्तूच अशी बनवा की ती चुकीची बसताच कामा नये. सिमकार्डाचा एक कोपरा कापलेला असतो तो त्यासाठीच. "दोन्हीकडून धरता येतंय म्हणजे ऑपरेटरचा दोष नाही, डिझाइनचा आहे," असं म्हणून त्याने वल्ह्यावर लाल टॅग लावला. तो टॅग काढायला दोन सह्या लागल्या.

खरी पंचाईत उभं राहण्याचीच झाली. आम्ही उभे राहतो ते गुडघे ताठ करून. सिमेंटच्या फरशीवर आठ तास काढायचे तर हाडांवर भार टाकून स्नायूंना रजा द्यावी लागते. फळीला हे चालत नाही. तिथे पाय कमरेइतके फाकवून गुडघे मोकळे ठेवायचे, सारखे हलते, म्हणजे खालचं पाणी हललं तरी वरचा माणूस जागच्या जागी राहतो. आणि नजर समोर, क्षितिजावर. पायाकडे बघितलं की पाण्यात. आमची नजर आयुष्यभर हातातल्या पार्टवर. लाईनवर कुणी मान वर करून क्षितिजाकडे बघायला लागला तर सुपरवायझर येऊन विचारतो, "कोण येणार आहे?"

तेव्हा पेंट शॉपवाल्याचा मूळ तर्क सपशेल कोसळला होता. पण यादीतून नाव काढायला कुणी तयार नव्हतं, कारण रविवारी जेवण होतं.

सरावाच्या त्या दिवसांत काकांनी या खेळातलं सर्वांत मोठं भांडण शोधून काढलं, आणि ते पोचवण्यासाठी ते शॉप टू शॉप फिरले. भांडण असं, की हा खेळ कुणाचा? आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटना म्हणाली, फळी आमची, म्हणून खेळ आमचा. त्यांनी २०१२ पासून जागतिक स्पर्धा भरवल्या होत्या, पहिली पेरू देशात. आंतरराष्ट्रीय कनू महासंघ म्हणाला, वल्हं आमचं, म्हणून खेळ आमचा. त्यांनी २०१९ ला चीनमध्ये छिंगदाओला आपली वेगळी जागतिक स्पर्धा घेतली. प्रकरण स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या क्रीडा लवादापुढे गेलं. ऑगस्ट २०२० मध्ये निकाल लागला. ऑलिंपिकच्या पातळीवर हा खेळ सर्फिंगवाल्यांच्या ताब्यात, बाकी स्पर्धा दोघांनीही खुशाल भरवाव्यात.

"आणि ऑलिंपिकमध्ये हा खेळ कधीपासून आहे?" मी विचारलं.

"नाहीच आहे!" काकांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी करार झाल्याच्या दिवशीही पाहिला नव्हता. "दोन युनियन, मान्यता कुणाला यावर कोर्टबाजी, निकालसुद्धा लागला, आणि कंपनी अजून उभीच राहिलेली नाही. आपलाच खेळ आहे हा!"

भारतात तो सर्फिंग फेडरेशनकडे आहे, आणि अर्थात समुद्राकाठी आहे. २०२४ च्या मार्चमध्ये मंगळुरूजवळ आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, परदेशातले पट्टीचे वल्हेकरी आले. आमच्याकडून तिकडे काही गेलं असेल तर त्यांना आणायला गेलेल्या गाड्यांचे सुटे भाग.

रविवार उजाडला. आकुर्डीहून एक, भोसरीहून एक आणि चाकणहून एक अशा बसगाड्या निघाल्या. रविवार असूनही चाकणची बस उशिरा आली. कुणी कारण विचारलं नाही. पाण्याकाठी पोहे, चहा, मंडप, माईक. माईक एचआरच्या साहेबांकडे. त्यांनी कुठूनतरी आंतरराष्ट्रीय नियमावली उतरवून आणली होती आणि ती वाचून दाखवल्याशिवाय ते कुणाला पाण्यात सोडणार नव्हते. पाण्यात आडवी उडी मारा, फळीपासून लांब पडा, मधोमध धरून वर चढा, इथपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. मग 'ड्राफ्टिंग' आलं. पुढच्या फळीने कापलेल्या पाण्यात तिच्या मागोमाग चिकटून गेलं तर मागच्याचे कष्ट बरेच वाचतात. लांब पल्ल्याच्या शर्यतीत अर्धं डोकं यातच लढवतात. नियम एवढाच, की आपल्याच वर्गातल्या फळीमागे जायचं, आणि पुरुषांनी पुरुषांमागे, बायकांनी बायकांमागे.

डोळे चमकले. कंटेनरच्या मागे अडीच फुटांवर बाईक लावून मोशीपासून चाकण गाठणाऱ्या माणसाला हे तंत्र शिकवावं लागत नाही. ॲम्ब्युलन्समागून जाणारे तर राष्ट्रीय पातळीचे.

शर्यत आखली होती साधी. किनाऱ्यावरून सुटायचं, लांबवर दोन नारिंगी बोया तरंगत होत्या, त्यांना वळसा घालून परत. शिट्टी वाजली. चाळीस-एक वल्ही एकदम पाण्यात पडली आणि त्या खळबळीत निम्मे उभे लोक खाली आले. ट्रॅफिक सुटलं की पहिल्या झटक्यात जे होतं तेच. कुणी गुडघ्यांवर बसला, कुणी पोटावर. एक ॲडमिनवाला सरळ मांडी घालून बसला आणि तसाच वल्हवत राहिला. माईकवरून ओरड झाली, "उभे रहा! नियम आहे, उभे रहा!" तो तिथून म्हणाला, "साहेब, सोमवारी उभा राहतो." पेंट शॉपवाला दोनदा चढला, दोनदा पडला आणि मग फळीला धरून पोहतच निघाला. त्याच्या मते वल्हं हा पर्यायी भाग होता.

मीही त्या गर्दीत होतो, एवढंच सांगतो.

अनुभवी लोक बोयेला वळतात ते बघण्यासारखं असतं. दोन पावलं मागे सरकून फळीच्या शेपटावर भार टाकायचा, नाक पाण्यातून वर उठतं, आणि एकाच जागी फळी गर्रकन फिरते. क्षणभर सगळं एका पायावर. आमच्या पहिल्या बोयेपाशी हे करायला जागाच नव्हती. जे पोचले ते सगळे तिथेच अडकले. फळीत फळी, वल्ह्यात वल्हं, बाहेर पडायचं तर तिघांनी आधी मागे सरकायचं आणि मागे सरकायला कुणी तयार नाही. तिथे आमच्या चाकणकरांची खरी परीक्षा झाली आणि ते पहिल्या वर्गात पास झाले. दोन फळ्यांच्या मधल्या वीतभर जागेतून वल्हं आडवं करून निसटायचं, निसटताना शेजारच्याला "भाऊ, जरा" म्हणायचं, हे या पट्ट्याबाहेर कुणाला जमणार नाही. डिस्पॅचचा एकजण पाण्यात उतरला, बोयेला एका हाताने धरलं आणि दुसऱ्या हाताने ट्रॅफिक सोडायला लागला. "तुम्ही थांबा. ह्यांना जाऊ द्या. ओ लाल जॅकेट, तुम्ही थांबा!" सगळ्यांनी त्याचं ऐकलं. तळेगाव चौकात त्याला का नेमत नाहीत?

या सगळ्या कालव्याच्या बाहेरून, लांबचा वळसा घेऊन, एक फळी शांतपणे बोयेपलीकडे गेली.

तिच्यावर असेंब्लीची एक ट्रेनी मुलगी होती. आयटीआय करून भंडाऱ्याहून आलेली, इथे चौघींत एक खोली. सकाळपासून ती काही बोलली नव्हती. वल्ह्याची उंची तेवढी तिने दोनदा कमी-जास्त करून घेतली होती. गुडघे मोकळे, नजर वर, आणि वल्हं असं पडत होतं की आवाज नाही. दुसरी बोय तिने एकटीने घेतली. तेवढ्यात जॅममधून सुटलेल्या क्वालिटीवाल्याने तिला गाठलं आणि तिच्या मागच्या मऊ पाण्यात आपली फळी लावली. किनाऱ्यावर काका ओरडले, "ऑब्जेक्शन! ड्राफ्टिंग!" एचआरच्या साहेबांनी नियमावली चाळली आणि माईकवर म्हणाले, "क्वालिटी डिपार्टमेंट, महिलेच्या मागे लागू नका!" मंडपात कुटुंबीय बसलेले होते. क्वालिटीवाल्याची बायको उभी राहिली. त्यानंतर त्याचा वेग आपोआप कमी झाला.

ती पहिली आली. दुसरा किनाऱ्याला लागला तोवर तिने फळी ओढून वर ठेवली होती आणि दोरीला लागलेला चिखल धूत होती.

लोकांनी घेरलं. काका म्हणाले, "पोरी, कुठे शिकलीस?"

"शिकली नाही जी," ती म्हणाली. "आमच्या इकडं तलावच तलाव. बाबाचा डोंगा आहे. बाबा जाळं टाके, मी मागून बांबूनं डोंगा हाकलो. उभ्यानंच."

भंडारा हा तलावांचा जिल्हा, मालगुजारांच्या काळापासून गावोगाव पाणी साठवून बसलेला. तिथल्या ढिवर समाजाची पोरं चालायच्या आधी डोंग्यात बसतात आणि थोड्याच दिवसांत त्यात उभी राहतात. लोझानच्या लवादापुढे फळी आमची की वल्हं आमचं असा वाद चालला होता, तेव्हा त्यांना कुणी साक्षीला बोलावलं नव्हतं.

बक्षीस समारंभाला मात्र घोळ झाला. निकालाच्या शीटवर वर्ग होते. पर्मनंट पुरुष, पर्मनंट महिला, स्टाफ, कुटुंबीय. ट्रेनी हा वर्गच नव्हता. तिचं नाव कुठे घालायचं? संगणकात घालायला गेलं तर तिचा तिकीट नंबर कंपनीचा नव्हे, एजन्सीचा. साहेब मनाने चांगले. ते म्हणाले, "हिचा आपण विशेष उल्लेख करू." मग पहिला चषक दुसऱ्या आलेल्याला, दुसरा तिसऱ्याला, अशी सगळी रांग एकेक पाऊल पुढे सरकली. तिसरा चषक ज्याला मिळाला त्याने शेवटचा टप्पा मांडी घालून काढला होता. काकांनी आवाज चढवला, "ही कसली पद्धत? जी आली ती आली!" साहेबांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की याचा पायंडा पडला तर उद्या वेतनकराराला वेगळाच प्रश्न येईल. काका थोडा वेळ गप्प बसले. वेतनकरार जवळ आला होता.

पण गप्प बसणं काकांच्या प्रकृतीला मानवत नाही. जेवणाच्या पंगतीत (ही मात्र बसून होती) त्यांनी ठराव मांडला की पिंपरी-चिंचवड आणि चाकण मिळून या खेळाची एक संघटना हवी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष भोसरीचा असावा असं भोसरीची बस म्हणाली. आकुर्डीची बस म्हणाली, मग आमची संघटना वेगळी. चाकणची बस म्हणाली, नावात आधी चाकण येणार असेल तर बोला. मठ्ठ्याची दुसरी फेरी येईपर्यंत दोन संघटना झाल्या होत्या, दोन्हींना घटना हवी होती, दोन्हींना लेटरहेड हवं होतं, आणि खेळाडू दोन्हींकडे मिळून एकच होती. दोन्हीकडचे लोक पान चघळत तिच्यापाशी गेले. ती बससमोर बॅग घेऊन उभी होती. कुणी तिला खेळाडू प्रतिनिधी करायला निघालं होतं, कुणी उपाध्यक्ष. तिने सगळ्यांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग गर्दीच्या खांद्यावरून एचआरच्या साहेबांना विचारलं,

"सर, आजचा ओटी लागन का जी?"